उंडेऱ्याच्या २८ घरांबद्दल कुणीतरी बोलायला हवं होतं: मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीतले सगळे,
आपलं मराठी मंडळ, वडोदरा

सप्रेम नमस्कार,

हे पत्र ऑफिसात नेऊन न देता असं उघड लिहितेय कारण मंडळाने ठेवलेलं व्याख्यानही उघडच झालं, हॉल भरलेला होता आणि त्याचा व्हिडिओ अजून आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. रोग जंतूंमुळे होतच नाही, शरीराची जमीन बिघडली की होतो, असं पाहुण्यांनी त्या संध्याकाळी ठासून सांगितलं. जर्म थिअरी हा औषध कंपन्यांनी पसरवलेला भ्रम आहे, टेरेन थिअरी, म्हणजे ही शरीराच्या जमिनीची गोष्ट, हे दाबून टाकलेलं सत्य आहे, जर्म थिअरीवाल्या पाश्चरने मरताना स्वतःची चूक कबूल केली, आणि आपल्या आयुर्वेदाला हे आधीपासून माहीत होतं, असं एकामागून एक आलं आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. शेवटी आभार मानताना 'आज सगळ्यांचे डोळे उघडले' असं मंडळातर्फे म्हटलं गेलं. माझी खरी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. पाहुणे आले आणि गेले, मागे राहिलं ते मंडळाचं नाव, आणि दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत अजूनही अशी घरं आहेत की मंडळाने सांगितलं म्हणजे चार शहाण्या माणसांनी विचार करूनच सांगितलं असणार असं धरून चालतात.

त्यातल्याच एका घरात व्याख्यानानंतर सुनेच्या टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. दुसरा महिना चालू होता, ताप गेला होता, भूक लागायला लागली होती. सासूबाई दुष्ट वगैरे अजिबात नाहीत, सुनेला जपतात, त्यांनी गोळ्यांच्या जागी गव्हांकुराचा रस, सकाळचं ऊन आणि आठवड्यातून दोन उपास सुरू केले, कारण व्यासपीठावरून त्यांनी ऐकलं की गोळी जमीन जाळते आणि उपासाने शुद्धी होते. घरात लहान मूल आहे. आम्ही काही बायकांनी जाऊन बसून समजावलं तेव्हा गोळ्या परत सुरू झाल्या, पण मध्ये किती डोस गेले ते त्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि अर्धवट गोळ्यांनी टीबीचा जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, मग सहा महिन्यांचा कोर्स लांबू शकतो आणि औषधंही जास्त त्रासाची होतात, हे टीबीच्या गोळ्या देणाऱ्या डॉट्स सेंटरवर बसणारी कुठलीही मुलगी तुम्हाला सांगेल.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. थुंकीची स्लाइड करायची, लाल रंग ओतून खालून गरम करायची, ॲसिडने धुवायची, मग निळा रंग द्यायचा आणि तेलाचा थेंब टाकून लेन्सखाली बघायचं. टीबी असेल तर निळ्यावर लालभडक बारीक काड्या दिसतात, ॲसिडने धुतलं तरी त्या रंग सोडत नाहीत. १८८२ साली रॉबर्ट कॉखने बर्लिनला ह्याच काड्या दाखवल्या होत्या. औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी त्याच माणसाची स्लाइड परत यायची आणि बहुतेक वेळा काड्या गेलेल्या असायच्या. घर तेच, हवा तीच, पगार तोच, आणि तरी काड्या गेलेल्या. रोग जंतूंमुळे होतच नाही असं कुणी माईकवरून म्हणालं की माझ्या पोटात कालवतं ते म्हणूनच.

आता थिअरीबद्दल, कारण पाहुण्यांनी जे सांगितलं त्यात खरं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये पाश्चरच्या काळात आंतुआन बेशाँ नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की आपल्या पेशींतच सूक्ष्म कण असतात आणि शरीर बिघडलं की त्यांचेच जंतू बनतात, म्हणजे जंतू हे रोगाचं फळ, कारण नव्हे. ते म्हणणं पुढे टिकलं नाही. क्लोद बर्नार यांचं काम वेगळं, शरीर आतलं वातावरण, साखर, उष्णता, पाणी हे सगळं कसं सांभाळून ठेवतं ते त्यांनी दाखवलं, आणि ते आजही प्रत्येक मेडिकल कॉलेजात शिकवतात, कुणी दाबून टाकलेलं नाही. आणि पाश्चरने मरताना 'बर्नारचंच खरं, जंतू काहीच नाही' असं म्हटल्याचा विश्वास ठेवावा असा काहीही पुरावा नाहीये. उलट पाश्चरने जिवंतपणी काय केलं ते ऐका. कोंबड्यांना अँथ्रॅक्स होत नाही कारण त्यांचं अंग माणसापेक्षा बरंच गरम असतं, तर पाश्चरने कोंबडीला जंतू टोचले आणि तिला थंड पाण्यात उभी केली, ती मेली. दुसरीला तसंच टोचलं, थंड केलं, पण आजार दिसल्यावर बाहेर काढून ऊब दिली, ती वाचली. नुसतं थंड पाण्यात ठेवलेल्या कोंबडीला काही झालं नाही. म्हणजे जमीन किती महत्त्वाची ते जर्म थिअरीच्या बापानेच १८७८ साली दाखवलं, आणि जंतूशिवाय नुसत्या बिघडलेल्या जमिनीत अँथ्रॅक्स उगवत नाही हेही त्याच प्रयोगात दाखवलं. बी आणि जमीन दोन्ही लागतात, एवढी साधी गोष्ट आहे ही, त्यातलं एक लपवून दुसरं विकायचं कशाला?

पाहुण्यांनी म्युनिकच्या पेटनकोफर ह्या आरोग्यशास्त्रज्ञाची गोष्ट फार रंगवून सांगितली, की त्यांनी १८९२ साली कॉलऱ्याचे जंतू सगळ्यांसमक्ष पिऊन दाखवले आणि त्यांना थोडे जुलाब सोडता काही झालं नाही. गोष्ट खरी आहे. पेटनकोफर मोठा माणूस होता, म्युनिकला चांगलं पाणी आणि गटारं मिळावीत म्हणून तो आयुष्यभर झटला. पण त्याच वर्षी, त्याच जर्मनीत हँबुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसं गेली, आणि शेजारचं, जवळजवळ त्याच्याच गल्ल्यांना लागून असलेलं आल्टोना शहर बरंचसं वाचलं, दोन्ही गावं एल्ब नदीचंच पाणी प्यायची, फरक एवढाच की आल्टोनात पाणी वाळूतून गाळून द्यायचे. हे व्याख्यानात नव्हतं. एक माणूस वाचला ते सांगितलं आणि आठ हजार गेले ते राहिलं. आपल्याकडे २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली तेव्हा आपण सगळ्यांनी पाणी उकळून प्यायलं ना, कुणी म्हणालं का की माझी जमीन शुद्ध आहे, मी तसंच पितो?

पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते ह्याचं, की हे सगळं बडोद्यात बसून बोललं गेलं आणि हॉलमधल्या एकालाही उंडेरा आठवला नाही. गोरव्याच्या पुढचा आपला उंडेरा, जो आता शहरातच जमा झालाय. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकीन मुंबईला आले, भायखळ्याला लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी प्लेग बडोदा संस्थानातल्या ह्या उंडेऱ्यात होता. फेब्रुवारी १८९८मध्ये हाफकीन आणि त्यांचे सहकारी संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने तिथे गेले आणि त्यांनी असं केलं की प्रत्येक घरातली साधारण अर्धी माणसं टोचली आणि अर्धी टोचली नाहीत. नीट बघा काय केलं ते. एकच घर, एकच चूल, एकच विहीर, तेच उंदीर, त्याच ओसरीवर झोपणं, आईबाप तेच. टेरेन म्हणून जे जे काही म्हणता येईल ते सगळं दोन्ही बाजूंना सारखं, फरक फक्त सुईचा. त्यानंतर २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांमधली टोचलेली माणसं ७१, त्यातली ८ आजारी पडली आणि ३ गेली. न टोचलेली ६४, त्यातली २७ आजारी पडली आणि २६ गेली.

आज अशी परीक्षा कुणी करू देणार नाही आणि करूही नये, त्या ६४ जणांना कुणी काय विचारलं होतं कोण जाणे, मला त्यांचा विचार केला की गलबलून येतं. पण त्यांनी जीव देऊन जे सांगितलं ते आपण त्यांच्याच गावाशेजारी राहून विसरायचं? २६ आणि ३ ह्यातला फरक आहार-विहाराने, मनाच्या शांतीने, आम्ल-अल्कलीने कसा समजावून सांगणार ते मला पाहुण्यांना विचारायचंय. शिवाय लस म्हणजे तरी काय, ती जंतूला मारायला जात नाहीच, ती शरीरालाच तयार करते, म्हणजे टेरेन सुधारण्याचा ह्याहून नेमका उपाय आजवर कुणाला सापडलेला नाही, आणि नेमका त्यालाच टेरेनवाले विरोध करतात. लसीत चुका झाल्या नाहीत असंही नाही, १९०२ साली पंजाबात मुल्कोवालला एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले आणि १९ माणसं दगावली, हाफकीनना दोषी धरलं गेलं, पुढे ते निर्दोष ठरले. पण ती १९ माणसंही जंतूनेच गेली.

आयुर्वेदाचं नाव घेतलं म्हणून तेही बोलते, माझ्या माहेरी वैद्यकी होती. चरकसंहितेत विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अख्खा अध्याय आहे, त्यात अग्निवेश गुरूंना विचारतो की माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगाने सगळं गाव कसं उद्ध्वस्त होतं? आणि आत्रेय उत्तर देतात की वारा, पाणी, देश आणि काळ हे सगळ्यांना सामायिक असतात, ते बिघडले की असं होतं. म्हणजे प्रत्येकाची आपापली जमीन एवढ्याने साथ समजत नाही हा प्रश्न तिथे सरळ विचारलेला आहे. आणि सुश्रुताने तर निदानस्थानात स्पष्ट लिहिलंय की अंगाला अंग लागून, श्वासाने, एकत्र जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, दुसऱ्याचे कपडे वापरल्याने काही रोग माणसाकडून माणसाकडे जातात, आणि त्या रोगांत शोष आहे, म्हणजे आपला क्षयच. आयुर्वेदाच्या नावावर 'रोग पसरतच नाहीत' असं सांगणाऱ्याने निदान सुश्रुत तरी उघडून बघावा.

आता टीबीचंच घ्या, कारण आपल्या शहरात अजून घराघरांत आहे तो, आणि जगातले साधारण चौथा हिस्सा टीबीचे रुग्ण एकट्या भारतात आहेत. पाहुण्यांनी पडद्यावर ग्राफ दाखवला की इंग्लंडमध्ये औषधं यायच्या कितीतरी आधी टीबीचे मृत्यू कमी होत आले होते. खरं आहे ते, त्यात चांगलं अन्न, बरी घरं आणि खोकणाऱ्याला वेगळं ठेवणं ह्या सगळ्याचा वाटा धरतात. पण ज्याला टीबी झालाच आहे त्याचं काय? औषधं नव्हती तेव्हा ज्याच्या थुंकीत जंतू सापडायचे असे साधारण निम्मे लोक पाच वर्षांत मरायचे, आणि सॅनेटोरियम म्हणजे नुसती जमीन सुधारायचीच जागा होती, डोंगरावरची हवा, दूध, अंडी, आराम, तिथूनही माणसं मरून परत यायची. मग १९५६ साली मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. गरीब घरातले टीबीचे रुग्ण, अर्धे सॅनेटोरियममध्ये ठेवले, भरपूर खाणं आणि विश्रांती, अर्धे त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात, तेच अपुरं जेवण, उठून कामाला जाणं. गोळ्या मात्र दोन्हीकडे सारख्या. वर्षभराने निकाल जवळजवळ सारखेच आले. जमिनीत एवढा फरक असूनही गोळीने काम केलं. त्यानंतर जगभर टीबीवर घरी राहून उपचार करायला लागले, आणि लाखो माणसांना कुटुंब सोडून वर्षवर्ष लांब कुठेतरी पडून राहावं लागलं नाही, ते आपल्या देशातल्या ह्या कामामुळे.

आणि तरीही अन्न बिनमहत्त्वाचं नाही. झारखंडमध्ये आत्ता २०१९ ते २०२२ दरम्यान अभ्यास झाला, २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं. सगळ्या रुग्णांना औषधाबरोबर शिधा दिला, आणि निम्म्या कुटुंबांत घरातल्या बाकीच्यांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकीतून पसरणारा तर जवळजवळ निम्म्याने. रुग्णांमध्येही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मरण्याचं प्रमाण फार कमी होतं. २०२३ साली हे छापून आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. ही खरी टेरेन थिअरी आहे हो, गोळी चालू ठेवून घरच्यांच्या ताटात डाळ वाढणारी, आणि ती करणारे सगळे जंतू मानणारे डॉक्टर आहेत. आपल्या सुनेला मात्र टेरेनच्या नावाखाली उपास घडला. क्षयाच्या रोग्याला उपास! जमीन महत्त्वाची म्हणणाऱ्याने सांगायची ही गोष्ट आहे का?

अजून एक बोलते, कारण हे मला फार टोचतं. 'जमीन शुद्ध असेल तर रोग होत नाही' ह्याचा दुसरा अर्थ असा होतो की ज्याला रोग झाला त्याचंच काहीतरी चुकलं, त्याने बाहेरचं खाल्लं, त्याने राग धरला, ती उशिरा झोपली. त्या सुनेने मला विचारलं, 'काकू, माझं काय चुकलं असेल?' तिचं काही चुकलेलं नाही, तिच्या आसपास कुणीतरी खोकत होतं आणि त्याला औषध मिळालेलं नव्हतं. इथून जवळच खंभातला जा, अकीक घासणारी माणसं बघा, घासताना उडणारी धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस होतो आणि अशा फुप्फुसांत टीबी फार लवकर धरतो. गोध्रा-बालासिनोरच्या दगड दळायच्या कारखान्यांत झाबुआ-अलिराजपूरहून आलेले आदिवासी मजूर असेच गेले, सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली, नुकसानभरपाईचे आदेश झाले. त्यांची जमीन कुणी बिघडवली? ती काही गहू सोडून ज्वारी खाल्ल्याने सुधारणार नव्हती, तिथे धूळ दाबायला पाणी मारायला हवं होतं, पंखे हवे होते, मालकावर लक्ष ठेवणारा इन्स्पेक्टर हवा होता. टेरेनबद्दल बोलायचं तर हे बोला ना, मी पहिल्या रांगेत बसून ऐकीन. पण व्याख्यानात मजूर नव्हता, चाळ नव्हती, पगार नव्हता, फक्त डिटॉक्सची पावडर होती आणि ती बाहेर टेबलावर विकायलाही ठेवलेली होती, मंडळाच्या बॅनरखाली.

हे आपल्या गावाला शोभत नाही. ज्या गावात सयाजीरावांच्या काळात लांबून आजव्याचं पाणी आणलं, जिथे माणिकरावांच्या आखाड्यात पिढ्या घडल्या, जिथे १९०७पासून अलेम्बिक ही औषधांची कंपनी आहे आणि आपल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी औषधांच्या कारखान्यांत, लॅबमध्ये, सयाजी हॉस्पिटलमध्ये राबलेलं आहे, त्या गावाला व्यायाम की औषध, पाणी की लस असं निवडायला कधी लागलं नाही, सगळंच लागतं हे कळत होतं.

तर माझं मागणं असं आहे. ज्या ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ गेलाय तिथे मंडळाच्या नावाने एक साधा मेसेज जाऊ दे, की टीबी, बीपी, शुगर, कसलंही चालू औषध व्याख्यान ऐकून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. हे आजच्या आज करा, बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल. मग छातीच्या रोगांच्या एखाद्या डॉक्टरांना बोलवा, आपल्यातच तीन-चार जण आहेत, आणि त्याच पाहुण्यांनाही परत बोलवा, दोघांना समोरासमोर बसवा, उंडेऱ्याचे आकडे फळ्यावर मी स्वतः लिहून देते. बाहेर काहीही विकायला ठेवायचं नाही. आणि ज्यांना टेरेन मनापासून पटलंय त्यांनी, मी हे अगदी कळकळीने म्हणतेय, निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवा. सरकार टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी आधी महिन्याला ५०० द्यायचं, नोव्हेंबर २०२४पासून १००० देतं, तेवढ्यात घर नाही भागत, म्हणून माणसांनी आणि संस्थांनी रुग्ण दत्तक घेऊन दरमहा शिध्याची टोपली द्यायची अशी ती योजना आहे. गणपतीच्या वर्गणीतून थोडं बाजूला काढलं तरी काही कुटुंबांचं सहा महिन्यांचं भागेल.

टोपलीत काय घालायचं ते मी आरोग्य केंद्रावर विचारून आलेय: तांदूळ किंवा गहू, तूरडाळ, शेंगदाणे, तेल, दूध पावडर. घरातल्या बाकीच्यांनाही पुरेल एवढं द्यायचं, नाहीतर आई आपल्या वाटचं पोरांना घालते. मंडीतून होलसेलने घेतलं तर स्वस्त पडतं, गाडी आमच्याकडे आहे, पोचवायचं काम आम्ही बायका करू. मंगळवारी संध्याकाळी कार्यकारिणीची मीटिंग असते ना, हा विषय पहिला घ्या, मी त्या दिवशी येऊन बसते.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद, निवृत्त लॅब टेक्निशियन
दांडिया बाजार, वडोदरा